गिरणीवाल्याचा इन्व्हर्टर

लाईट गेली तशी ऑक्सिजनची मशीन लांबलचक ओरडली. आमच्या यांनी नाकातली नळी चाचपली, माझ्याकडं बघितलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या ओठांचा रंग उतरायला लागला. दसऱ्याची दुपार होती. पुरणपोळीचं ताट त्यांच्या पुढ्यात अर्धं राहिलेलं. कोपऱ्यात इन्व्हर्टर झेंडूचा हार घालून, विभूतीचे तीन पट्टे ओढून नवरदेवासारखा बसला होता. एरवी लाईट गेली की पापणी लवायच्या आत तो चालू व्हायचा. त्या दिवशी त्याच्यातून हूं नाही की चूं नाही.

"अवो, घाई करू नका. ओठांचा चंबू करा अन् हळू सोडा," मी म्हटलं. दवाखान्यात तसं शिकवलं होतं.

लेक भिंतीवरच्या खिळ्याकडं धावला. अडीनडीला एक सिलिंडर भरून ठेवलेला असायचा आणि तो उघडायचा पाना त्या खिळ्याला लटकलेला असायचा. खिळा रिकामा होता.

"पाना कुठाय? आई, पाना कुठाय?"

मला ठाऊक असता तर मी तिथं उभी राहिले असते का?

तो इन्व्हर्टर आम्ही सून पसंत करावी तसा पसंत करून आणला होता. खरं सांगायचं तर सून बघायला एवढा वेळ घातलाच नव्हता. सून पहिल्या दिवशीच पसंत पडली. इन्व्हर्टरनं नांदेड ते लातूर फिरवलं.

रेणापुरात आमची पिठाची गिरणी आहे. यांनी जन्मभर चालवली, आता लेक चालवतो. लग्न होऊन आले तेव्हा हे संध्याकाळी घरात यायचे ते केस पांढरे, भुवया पांढऱ्या, मिशी पांढरी. म्हातारपणी कसे दिसणार ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. बाहेरचं पीठ झटकून जातं. आत गेलेलं जात नाही. छाती भरत गेली. डॉक्टर पिठाला दोष देतात, हेही पिठालाच देतात. बिडीचं नाव कुणी घेत नाही. मी घेते.

मागं एका पावसाळ्यात दम लागून लागून बसता येईना की निजता येईना. लेकीचं घर नांदेडला, विष्णुपुरीकडं. जावई तिथल्या कॉलेजात शिकवतात. म्हणून नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. बरे होऊन निघाले, पण डॉक्टरांनी सांगितलं की दिवसाचा बहुतेक वेळ घरी ऑक्सिजन लागेल. त्याची एक मशीन मिळते. ती खोलीतलीच हवा ओढते, गाळते आणि नळीतून नाकात सोडते. सिलिंडरसारखी भरून आणायची भानगड नाही. भानगड एकच. तिला वीज लागते. वीज गेली की ती नुसती पेटी.

लेकीनं तिथंच सांगून टाकलं, "अप्पा आता इथंच राहतील. रेणापुरात लाईटीचा काय भरवसा?"

लेकीचं बरोबर होतं. तिच्याकडं लाईट फारशी जात नव्हती, दवाखाना जवळ होता, खिडकीतून लांबवर धरणाचं पाणी दिसायचं. हे त्या खिडकीशी बसायचे. सुरुवातीला पाणी बघून खूश झाले. लातूरकडच्या माणसाला एवढं पाणी बघायला मिळालं की तो आधी खूश होतोच. मग कंटाळले. जेवण निम्म्यावर आलं. एक दिवस मला हळूच म्हणाले, "आगं, पाणी किती बघावं माणसानं? मला घरला ने."

"तिथं लाईट गेली तर?"

"गेली तर गेली. इथं जगून काय करून राहिलो मी? खिडकीची राखण."

मी लेकीला तसंच सांगितलं. ती भांडली, रडली, मग तिनं अट घातली. "लाईट जाऊ दे न्हाईतर राहू दे, मशीन बंद पडणार न्हाई अशी सोय आधी करा. माझ्या डोळ्यांनी बघीन, मगच अप्पा घरी जातील."

लेकानं दुसऱ्याच दिवशी गिरणीतला जुना इन्व्हर्टर गाडीत घालून नांदेडला आणला. त्याच्यावर गिरणीतला पंखा आणि ट्यूब चालायची. त्याला मशीन जोडली. पंखा त्याच्यावर गुणगुणायचाच, मशीन तर गुरगुरायला लागली. मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखा आवाज. मग लाल दिवा, मग शिटी. लेकीनं मशीनची पिन काढून भिंतीत लावली.

जावयांनी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मामी, वीज सगळी सारखी नसते. भिंतीतून येते ती लाटेसारखी, वर चढते, खाली उतरते, कुठं खाच नाही. हा जुना इन्व्हर्टर पायऱ्या पायऱ्यांची वीज देतो. पंख्याला, बल्बला ती चालते. नाजूक मशीनला चालत नाही. हिला लाटेची वीज देणारा इन्व्हर्टर पाहिजे."

मला लाट कळेना. मी चौथी शिकलेली, आणि वीज कधी वर चढताना बघितली नव्हती. यांनी मात्र नळी सरळ केली आणि म्हणाले, "म्हंजी ह्यो भरड दळतो."

जावई म्हणाले, "हो. तसंच."

"भरड पीठ गुरांच्या आंबोणात चालतं. भाकरी थापायला घेतली की चिरते. मशीनला बारीक पाहिजे, एकसारखं. असंच ना जावईबापू?"

जावई हसले. तेव्हापासून आमच्या घरात चांगल्या इन्व्हर्टरला बारीक आणि हलक्याला भरड हेच नाव आहे.

लेकानं जनरेटरचंही काढलं. मी म्हटलं, "पिठानं छाती भरली, आता धुरानं भर. काही जागा राहिली असंल." तो विषय तिथंच संपला.

मग लातूरच्या दुकानात जायचं ठरलं. सगळे म्हणाले, लेक जाईल आणि घेऊन येईल. मी म्हटलं, आम्ही मडकं घेताना टिचकी मारून बघतो, आणि ज्याच्यावर माणसाचा श्वास टांगायचा ते न वाजवता आणायचं? मशीन घेऊन जायची, यांनाही घेऊन जायचं. लेकीला वाटलं मला वेड लागलं. पण तिची अट मीच पुरी करत होते, त्यामुळं तिला काही म्हणता येईना. ती स्वतःच गाडीत येऊन बसली. वाटेपुरता सिलिंडर घेतला. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तसतसे हे ताठ होत गेले. रस्त्याकडंचं सोयाबीन बघून कुणाचं तण काढायचं राहिलंय तेही सांगायला लागले.

दुकानदार चांगला होता. मला एकटीला पुढं बघून म्हणाला, "या आज्जी. काय काय चालवायचंय? टीव्ही, फ्रिज, पंखे?"

"नवरा," मी म्हटलं.

तो हसला. मग दारात गाडीतून उतरणारे हे दिसले, नाकात नळी, मागून सिलिंडर धरून लेक, तेव्हा हसू आवरून त्यानं खुर्ची पुढं केली.

त्यानं आधी एक चकचकीत डबा दाखवला. त्याला काचेची पाटी, पाटीवर आकडे पळत होते. मी म्हटलं, "रूप नको दाखवूस बाबा. आमची मशीन लाव त्याला, अन् दुकानाची मेन लाईट बंद कर."

"आज्जी, मेन बंद केली तर सगळं दुकान बंद पडंल. गिऱ्हाईक हायेत."

"असू दे की. त्यांना बी बघायला मिळंल तू काय इकतोस ते."

गिऱ्हाईक हसले. त्यातला एक बाजूला उभा राहून म्हणाला, "करा शेट, करा बंद. आम्ही बी बघून घेतो." मग बिचाऱ्याचा इलाज राहिला नाही. हे खुर्चीत बसलेले, मशीन पायाशी, नळी नाकात. मेन बंद झाली. सगळं दुकान अंधारलं आणि त्याबरोबर मशीननं एक हिसका खाल्ला, शिटी मारली, मग पुन्हा चालू झाली.

"न्हाई," मी म्हटलं.

"आज्जी, चालू झाली की."

"मधी थांबली. रोज थांबायला लागली तर मशीन टिकंल का?"

आता मात्र तो धंदा विसरून कामाला लागला. त्यानं डबा फिरवून पाठीमागचा एक बारका खटका दाखवला. म्हणाला, हा इकडं ठेवला तर पंखे-बल्बांसाठी, तेव्हा तो सावकाश बदलतो. तिकडं केला की कॉम्प्युटरसारख्या नाजूक वस्तूंसाठी, तेव्हा क्षणात घेतो. कंपनीतून येताना तो इकडं असतो. त्यानं तो तिकडं केला, मेन चालू करून पुन्हा बंद केली. दुकान अंधारलं. मशीनला कळलंसुद्धा नाही. थड थड थड, एकसारखी.

हे डोळे मिटून आवाज ऐकत होते. गिरणीत असेच ऐकायचे. मग म्हणाले, "बारीक दळतोय."

कुणीतरी चहा मागवला. आमच्या यांनी इन्व्हर्टरच्या विजेवर श्वास घेत घेत चहा प्यायला, आणि विचारील त्याला भरड-बारीक समजावून सांगितलं. बाजूला उभ्या राहिलेल्या त्या गिऱ्हाइकानं तिथल्या तिथं तसाच इन्व्हर्टर घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, रोज येऊन बसत जावा. च्या माझ्याकडून."

लेकीनं मात्र चहा घेतला नाही. तिनं तीनदा मेन बंद करायला लावली. मग बॅटरी मोठी घ्यायला लावली, आतून उंच नळ्यांची, ट्युब्युलर म्हणतात ती, म्हणजे लाईट बराच वेळ गेली तरी पुरेल. दुकानदारानंही बजावलं की त्याच्यावर मशीन आणि एक बल्ब, बस. फ्रिज नाही, मिक्सर नाही. शेजारणीचा मोबाईलसुद्धा नाही. मग लेक म्हणाली, "जा अप्पा घरी." आणि तोंड फिरवून गाडीत जाऊन बसली.

घरी आल्यावर यांचं जेवण वाढलं. भिंतीपलीकडं गिरणी. पलंगावर बसून हे लेकाला ओरडायचे, "आरं, दगडाला टाकी लाव, आवाज बसलाय!" आणि खरंच दगड गुळगुळीत झालेले असायचे, छिन्नीनं खडबडीत करायला आलेले. लाईट गेली की बाकी गाव कुरकुरायचं आणि आमचे हे बोट वर करून म्हणायचे, "घेतला!" इन्व्हर्टरनं भार घेतला, म्हणून. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. एवढी करमणूक टीव्हीनंही झाली नाही. मला तर वाटतं, हे लाईट जायची वाटच बघायचे.

मग दसरा आला.

आमच्या गिरणीत दसऱ्याला पट्टा उतरवतात. मेन खाली, दगडांना हार, विभूती, नारळ. त्या दिवशी कुणी दळण घेऊन आलं तर परत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस आराम पाहिजे, असं सासरे म्हणायचे, हेही म्हणायचे. घरातलं सगळं लोखंड देवापुढं मांडतात. विळी, खुरपं, हातोडी, सगळं धुऊन, फुलं वाहून. संध्याकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

त्या सकाळी हे हट्टाला पेटले. गिरणीत जाता येत नव्हतं, तर म्हणाले, इन्व्हर्टरची पूजा मी करणार. नळी लांब होती, कोपऱ्यापर्यंत पुरली. खुर्ची तिथं नेऊन ठेवली. यांनी विभूती लावली, मी हार दिला, आणि पुरण जळेल म्हणून चुलीकडं गेले. परत येऊन बघितलं तर पूजा झालेली, मशीन चालू, हे खूश. लाईट दुपारपर्यंत एकदाही गेली नाही. पोळ्या तव्यावरून ताटात पडत होत्या आणि हे तूप जास्त मागत होते.

आणि मग ती गेली.

लेक पाना शोधत होता, तो सापडेना तसा त्यानं फोन घेतला आणि दुकानदाराला लावला. "काय इकलंस रं आम्हाला? माझा बाप मरून राहिला इथं! तुझं ते खोकं घेऊन जा!" सून सुपानं वारा घालत होती. हे एका हातानं पलंगाची कड धरून बसलेले, दुसऱ्या हाताचं बोट कोपऱ्याकडं करत होते. मला वाटलं पाणी. दिलं, तर त्यांनी तांब्या ढकलला. देव्हाराही त्याच कोपऱ्यात. सुनेला वाटलं देवाला बोलावतायत. ती रडत रडत विभूती आणून त्यांच्या कपाळाला लावायला गेली, तसे यांनी तिच्याकडं असे डोळे वटारले की तिचा हात तिथंच थांबला.

मरायला टेकलेल्या माणसाचे डोळे एवढे रागीट नसतात, एवढं मला कळत होतं. पण बोट कशाकडं आहे ते कळेना. ओठ निळे पडत चालले होते. मला त्या इन्व्हर्टरचा असा राग आला की काय सांगू. एवढं निवडून आणला, तपासून आणला, हार घातला, आणि ऐन वेळेला हा डोळे मिटून बसला. "मुडद्या, आज झोपलास व्हय!" म्हणत मी हार धरला आणि हिसडून तोडला.

हाराखाली पुढचा, चालू-बंद करायचा खटका होता. तो बंद होता.

मी तो दाबला. आत टक् झालं. त्याच्यातला बारका पंखा फिरला. मशीन एकदा ओरडली आणि थड थड सुरू झाली. मी नळी यांच्या नाकाशी नीट धरून बसले. हवा लगेच चांगली येत नाही, मशीनला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ मी त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. मग ओठ उजळले. मग गाल. मग यांनी तोंड उघडलं.

"सुट्टी," म्हणाले.

"काय?"

"दसरा हाय. मी त्याला... सुट्टी दिलती."

सकाळी हार घालताना यांनी गिरणीच्या सवयीनं खटका बंद केला होता. खटका बंद असला तरी भिंतीतली वीज त्याच्यातून मशीनला जातच राहते, म्हणून सकाळभर कुणाला पत्ता लागला नाही. फक्त लाईट गेल्यावर भार घ्यायला कुणी उरलं नव्हतं. आणि त्यांना ते लाईट गेल्याक्षणी आठवलं होतं. सांगायला श्वास नव्हता.

मी यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सणाच्या दिवशी तर नाहीच. हे हसायला लागले. हसल्यावर खोकला येतो म्हणून मी ओरडले, तर जास्तच हसले. मग सूनही हसायला लागली, डोळ्यांत पाणी तसंच. आणि लेक आमच्याकडं पाठ करून अजून फोनवर दुकानदाराचा उद्धार करत होता. मी फोन काढून घेतला आणि बंद केला.

पाना संध्याकाळी सापडला. देवापुढं, खुरपं आणि विळीच्या मधे, झेंडूखाली.

"मीच ठेवला आत्या," सून म्हणाली. "लोखंडच की त्ये."

तिचं तरी काय चुकलं? रीतीप्रमाणं तिनं बरोबरच केलं होतं.

दिवस मावळायला लोक आपट्याची पानं घेऊन यायला लागले, तेव्हा दारात एक गाडी थांबली. दुकानदार. मधेच फोन तुटल्यावर त्याच्या मनात वाईटच आलं होतं. सणाचा दिवस टाकून दुसरा इन्व्हर्टर घेऊन तो लातुराहून आला होता. उंबऱ्याबाहेर उभा राहून भीत भीत म्हणाला, "काका... कसे हायेत?"

लेकानं खाली मान घातली. हे पलंगावरून म्हणाले, "या शेट, आत या. सोनं घ्या. तुमचा माल सोनंच हाय. आमचीच अक्कल पितळेची निघाली."

सगळं ऐकल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "काका, गिरणीला दसरा असतो. दवाखान्याला कुठं असतो? ह्याला आता दवाखाना समजायचं." पोळ्या पोटभर खाल्ल्या, तूप मागून घेतलं, आणि दुसरा इन्व्हर्टर गाडीतून न उतरवताच परत गेला.

लेकीला सांगायचं नाही असं हे मला खुणावत होते. सांगितलं तर ती परत नांदेडला नेईल, ही भीती. तिचा फोन आला आणि मी सगळं सांगितलं. लाईट गेली, खटका तुझ्या बापानं बंद केलेला, पाना पूजेत. हे गळ्यापाशी हात जोडून बसलेले. मग ती म्हणाली, "अप्पांना फोन दे."

तिनं काय काय सुनावलं ते मला अर्धंच ऐकू आलं. हे नुसतं "हाव... हाव माय... न्हाई, आता न्हाई" करत होते. नांदेडला न्यायचं नाव काही निघालं नाही. फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून बोट वर केलं.

"घेतला," म्हणाले.

पुढच्या दसऱ्याला आम्ही देवापुढं विळी आणि खुरपं ठेवलं. पाना खिळ्यावरच होता, त्याला तिथंच एक फूल अडकवलं. इन्व्हर्टरला हार घातला नाही. यांनी पलंगावरूनच हात जोडले. दुपारी लाईट गेली, त्यानं भार घेतला, आणि आम्ही जेवत राहिलो.

आदल्या दसऱ्याच्या त्या दुपारी खोलीत हे होते, मी होते, लेक होता, सून होती. चौघंही अजून आहोत.